तिसऱ्या मजल्यावरची मेंढपाळीण

(पार्किंग. कॅमेरा जमिनीलगत.)

हिचे डोळे बघा. पापणी लवत नाही. मान खाली, एक पाय उचललेला, तसाच अधांतरी. चिंगी खेळत नाहीये. पुण्यातल्या या सोसायटीत ती पाच मुलांना वळतेय, गुरं वळावीत तशी.

चिंगी बॉर्डर कॉली जातीची कुत्री आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातली ही जात. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ‘ओल्ड हेम्प’ नावाचा कुत्रा जन्मला. तो भुंकत नसे, मेंढ्यांच्या अंगावर जात नसे. नुसत्या नजरेनं कळप हलवायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापाशी पोचतं. तिकडच्या मेंढपाळांनी पिलं निवडताना रूप पाहिलं नाही, काम पाहिलं. लांडग्याचं हेरणं, दबा धरणं, पाठलाग करणं ठेवलं आणि शेवटचा घाव तेवढा मागे टाकला. लांबच्या उतारावरचा कुत्रा नुसत्या शिट्टीवर दिशा बदलतो. आपल्या धनगरांची कुत्रीही कळपाबरोबर चालतात, पण त्यांचं काम राखणीचं.

(पहाट. टेकडी.)

साडेपाच वाजलेत. बाबा नाहीतर आई, रोज एकजण टेकडीवर. उन्हाळ्यात तर सूर्य वर यायच्या आत परतायचं, कारण अंगावरचे दुहेरी केस थंड मुलखाचे आहेत. पण नुसतं पळवून भागत नाही. डोक्यालाही काम लागतं.

(हॉल. आजी खुर्चीत.)

ते काम आजीकडे. “चिंगे, आबांचा मोजा.” आणला. “टोपी.” आणली. “लाल चेंडू.” हा सोफ्याखाली होता, तोही आणला. अमेरिकेतल्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉलीला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं येत होती. आजीची यादी १९ वर आहे, आणि रोज जेवणाआधी उजळणी होते.

पहिल्या वर्षी धाकट्याच्या टाचांना दात लागले, स्कूटरमागे धावणं झालं. डोक्याला असं काम द्यायला ज्या घरात कुणी नसतं, तिथली चिंगी गच्चीवर बांधली जाते किंवा दुसऱ्याला देऊन टाकली जाते. व्हिडिओतल्या देखण्या पिलावर भाळून ही जात घरी आणू नका.

(संध्याकाळ. मुलं घरी परततात.)

काम संपलं की तिकडचा मेंढपाळ कुत्र्याला म्हणतो, “दॅट विल डू.” आजी म्हणते, “झालं गं बाई, पुरे आता.”

चिंगी उंबऱ्याशी आडवी होते. तिथून घरातले सगळे दिसतात.