नाताळच्या जेवणाला कोण कोण येणार?

(काळा पडदा. रेडिओची खरखर, दुरून येणारा हेलिकॉप्टरचा आवाज.)

अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर. डबघाईला आलेलं एक रेडिओ स्टेशन. थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी मॅनेजर कार्लसनसाहेबांनी जाहिरातीची एक जंगी योजना आखलीय आणि ती कुणालाही सांगितलेली नाही. वार्ताहर लेस नेसमन मॉलसमोर माईक धरून उभा आहे. हेलिकॉप्टरमधून काहीतरी काळं खाली येतंय. पॅराशूटवाले असतील? पण पॅराशूट तर उघडत नाहीत. मग लेसचा आवाज चिरकतो. खाली पडताहेत त्या जिवंत टर्की, या सणाच्या जेवणातले ते मोठे पक्षी!

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या विनोदी मालिकेचा हा भाग 30 ऑक्टोबर 1978 ला सीबीएस या अमेरिकी चॅनेलवर लागला. त्यात आकाशातून पडणारी टर्की एकदाही दिसत नाही. दिसतो तो फक्त लेसचा चेहरा आणि स्टुडिओत आ वासून ऐकणारी मंडळी. 1937 साली हिंडेनबर्ग हे वायूने भरलेलं अवाढव्य हवाई जहाज पेटलं, तेव्हा रेडिओवरच्या निवेदकाला रडू फुटलं होतं. लेस झालेल्या रिचर्ड सँडर्स या नटाने तोच सूर इथे लावलाय, आणि शोकांतिकेच्या सुरात टर्की म्हटल्या की हसू आवरत नाही. शेवटी फाटक्या सुटातले कार्लसनसाहेब परत येतात आणि म्हणतात, देवाशपथ, मला वाटलं टर्की उडतात. रानातली टर्की उडते हो. खाऊन फुगवलेली पाळीव टर्की उडत नाही. म्हणजे साहेबांचं अर्धं बरोबरच होतं.

(मालिकांच्या शीर्षकांचे तुकडे, एकामागून एक.)

सिटकॉम म्हणजे अर्ध्या तासाच्या विनोदी मालिका. त्यांचा जुना रिवाज असा की अर्ध्या तासात घोळ व्हायचा, त्याच अर्ध्या तासात तो निस्तरायचा, आणि पुढच्या आठवड्यात कुणालाच काही आठवायचं नाही. सणाचे भाग दरवर्षी ठरलेले. खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक गुळमट. रुसलेलं माणूस दारात येतं, बाहेर बर्फ पडतो, सगळे मिठ्या मारतात. पण काही लेखकांनी सणाची खरी सोय ओळखली. एरवी ज्याचं तोंडही बघायचं नाही, त्यालाही त्या दिवशी जेवायला बसवावं लागतं. आणि भरल्या ताटावरून उठून जाता येत नाही.

‘बिविच्ड’ ही एका चेटकीण गृहिणीची हलकीफुलकी मालिका. तिचा 24 डिसेंबर 1970 चा नाताळचा भाग लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलमधल्या दहावीच्या मुलांनी लिहिला होता. चेटकिणीची गोरी मुलगी टॅबिथा आणि काळी लिसा या दोन मैत्रिणींना बहिणी व्हायचंय, म्हणून टॅबिथा जादूने स्वतःच्या अंगावर काळे ठिपके आणते आणि लिसाच्या अंगावर पांढरे. वर्णद्वेषावरचा हा भाग आज बघताना थोडा बाळबोध वाटतो. पण त्या काळी तो प्राइम टाइमला दाखवणं बाळबोध नव्हतं.

(लष्करी तंबू. भिंतीवरचं घड्याळ.)

‘मॅश’ तर कोरियन युद्धातल्या फिरत्या इस्पितळाची मालिका. त्यातला हशा रेकॉर्ड केलेला असायचा, पण ऑपरेशनच्या दृश्यांत हशा टाकायचा नाही असं निर्मात्यांनी चॅनेलशी भांडून ठरवून घेतलं होतं. डिसेंबर 1980 च्या नाताळच्या भागात एक सैनिक वाचणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकतं. त्याच्या खिशात बायकोमुलांचा फोटो सापडतो. पोरांच्या मनात बाप गेल्याची तारीख नाताळची राहू नये, म्हणून ते त्याला मध्यरात्रीपर्यंत कसाबसा जगवायला झटतात. ते जमत नाही. तेव्हा त्यांच्यातला डॉक्टर हॉकाय उठतो आणि घड्याळाचा काटाच पुढे सरकवतो. सरकारी कागदावर ठरवून लिहिलेलं खोटं, आणि मालिका त्याबद्दल कुणालाही दोष देत नाही.

(न्यूयॉर्क, क्वीन्स. बंकर कुटुंबाचं जेवणाचं टेबल.)

तरीही माझ्या मते या सगळ्यांत वरचढ आहे ‘ऑल इन द फॅमिली’चा भाग, कारण त्यात ना जादू, ना युद्धभूमी. आहे ते फक्त टेबल.

25 डिसेंबर 1976, ऐन नाताळचा दिवस. घराचा मालक आर्ची बंकर. दुसऱ्या महायुद्धात लढलेला, तोंडाळ, आपलंच खरं करणारा. त्याने जेवायला बोलावलाय आपला मित्र पिंकी, ज्याचा मुलगा स्टीव्ह व्हिएतनाममध्ये मारला गेला. आणि जावई माइकने आणलाय आपला मित्र डेव्हिड, जो सक्तीची सैन्यभरती चुकवून कॅनडात पळून गेला होता. व्हिएतनामचं युद्ध संपून दीड वर्षच झालं होतं.

डेव्हिड कोण ते उघड होतं आणि आर्चीचा भडका उडतो. आर्ची झालेल्या कॅरोल ओ'कॉनरचा हा संताप खोटा वाटत नाही; त्यात देशही आहे आणि सगळ्यांदेखत तोंडघशी पडल्याची लाजही आहे. आपल्या बाजूने कोण बोलेल, तर ज्याने मुलगा गमावला तो, अशा खात्रीने तो पिंकीकडे वळतो. पिंकी शांतपणे सांगतो की माझ्या मुलालाही हे युद्ध आवडत नव्हतं, पण त्याला जे योग्य वाटलं ते त्याने केलं, आणि या मुलाला जे योग्य वाटलं ते याने केलं. स्टीव्ह आज असता तर याच्यासोबत जेवायला बसला असता. एवढं बोलून तो डेव्हिडपुढे हात करतो.

इथे एखादा कच्चा लेखक आर्चीच्या डोळ्यांत पाणी आणून मोकळा झाला असता. या लेखकांनी तसं केलं नाही. आर्ची टेबलाशी येऊन बसतो खरा, पण पटलं असं म्हणत नाही. त्याला अजून विचार करायचाय.

तेवढा वेळ मात्र त्याला मिळाला नाही. चारच आठवड्यांनी, 21 जानेवारी 1977 ला, सत्तेवर येऊन एकच दिवस झालेल्या राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना सरसकट माफी जाहीर केली. त्यावर आर्ची घरात काय काय बोलला असेल, ते चॅनेलने दाखवू दिलं नसतं.