चिडला तो बाहेरचा

मंडळी, इंटरनेटच्या आडगल्ल्यांत रमणारी माणसं आपल्याच शिवराळपणाकडे कसं पाहतात, हे सांगायचं कबूल केलंय. पण आधी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. ती माझ्या डोक्यातून जात नाही.

हुशार, अबोल मुलगा. सुट्टीत भेटायला आला आणि फोन पुढे करून म्हणाला, "सर, वाचा, पण रागावू नका." बायकांबद्दल, मुसलमानांबद्दल, दलितांबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथं उच्चारणार नाही. लिहिणारा तोच. "खरंच असं वाटतं तुला?" "छे हो! तिथं सगळे असंच बोलतात. चिडला तो बाहेरचा."

त्या जगाचा कायदा एवढाच. शिवी सोसली तर तुम्ही आतले. मी विचारलं, "जिच्याबद्दल लिहिलंस तिनं वाचलं तर?" तो गोंधळला. "ती कशाला तिथं येईल, सर?" ती मुलगी त्याच्या हिशेबातच नव्हती, आणि याचा मला शिव्यांपेक्षा जास्त त्रास झाला.

कुणी म्हणेल, आपला शिमगाही असाच. पण शिमग्यात बोंब मारणाऱ्याला सारा गाव ओळखतो. दुसऱ्या दिवशी त्याच दारावरून त्याला जायचं असतं. फोरचॅन या इंटरनेटवरच्या निनावी गप्पांच्या संकेतस्थळावर तसं नाही. ख्रिस्तोफर पूल या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलानं २००३ साली जपानी ऑनलाइन चर्चा-फळ्यांच्या धर्तीवर ते सुरू केलं. तिथल्या गाजलेल्या 'बी' फळ्याचा अभ्यास २०११ साली झाला. ९० टक्क्यांहून जास्त पोस्टी निनावी निघाल्या, निम्म्या चर्चा चार मिनिटांच्या आत गायब. एवढ्या वेळात कुणाचं लक्ष वेधायचं तर आधीच्यापेक्षा घाण लिहावं लागतं, असं मला वाटतं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरलीत, आणि मूळ मुद्दा राहिलाच. भरभर सांगतो.

गंमत म्हणून लिहिणारा आणि मनापासून लिहिणारा, दोघांची भाषा एकच. मनापासून लिहिणाऱ्याला ते सोयीचं असतं. 'डेली स्टॉर्मर' या नवनाझी संकेतस्थळाची लेखकांसाठीची नियमावली २०१७ मध्ये फुटली. आपण थट्टा करतोय की नाही हे नवख्याला कळता कामा नये, असं तीत लिहिलेलंच होतं. १५ मार्च २०१९ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा जीव घेणाऱ्यानं आधी एटचॅन या फोरचॅनसारख्याच संकेतस्थळावर, तिथल्याच टवाळ बोलीत, कळवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या एल पासोच्या हत्याकांडानंतर, एटचॅनचा संस्थापक फ्रेडरिक ब्रेनन स्वतःच म्हणाला, हे बंद करा.

आणि आपल्याकडे? जानेवारी २०२२, 'बुल्ली बाई' नावाचं ॲप. मुसलमान बायकांचे फोटो लावून 'लिलाव' मांडला होता. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई पोलिसांनी आधी पकडलेली मुलं विशीच्या आगेमागची. त्या बायका कुठल्या आडगल्लीत गेल्या नव्हत्या. त्यांचे चेहरे तिथं ओढून नेले होते.

ती बातमी मी माझ्या विद्यार्थ्याला पाठवली. त्यानं वाचली, एवढं फोनवर दिसलं. उत्तर अजून आलेलं नाही.