पाण्याच्या वाटेने कान्हेरी

(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी आपल्यापैकी बरेच जण कान्हेरीला येणार आहात, म्हणून आज तयारीचं बोलणार आहे. डबा काय आणायचा वगैरे तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर गेल्यावर बघायचं काय, हे मला सांगायचंय.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत सहा-सात किलोमीटरवर हा डोंगर. शंभराहून अधिक बौद्ध लेणी, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती. रविवारी येणारी माणसं तीन नंबरच्या चैत्यगृहापर्यंत, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनापर्यंत, जातात, ओसरीतल्या त्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात, पायऱ्यांवर काकडी खातात आणि परततात. चैत्यगृह सुंदर आहेच, त्याच्याकडे येतो मी. पण माझं म्हणणं असं आहे की कान्हेरी समजून घ्यायची तर मूर्तींच्या आधी पाण्याचा माग काढायला हवा.

मुंबईचा पाऊस आपल्याला नवा नाही. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि मग आठ महिने थेंब नाही. अशा उघड्या कातळाच्या डोंगरावर शेकडो भिक्षू राहणार कसे? उत्तर कातळातच कोरलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एका बाजूला पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. वरून बघाल तर कातळात एक लहानसं चौकोनी तोंड दिसतं. पोट मात्र आत खोलीएवढं पसरलेलं. तोंड लहान ठेवलं की ऊन आत जात नाही, पाणी आटत नाही, पालापाचोळा पडत नाही. आता मान वर करून लेण्याच्या कपाळाकडे बघा. कातळात बोटभर, कुठे वीतभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या दिसतील. माथ्यावरून ओघळणारं पाणी लेण्यात न शिरता या पन्हळींतून वळतं आणि टाक्यात जातं. पावसात गेलात तर ही व्यवस्था आजही काम करताना दिसते. मी तर म्हणेन, एखाद्या पन्हळीपाशी दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पाणी कुठून निघतं, कुठे वळतं, कुठे पडतं, एवढंच बघा. खोदणाऱ्याने पहिला घाव घालण्याआधी किती पावसाळे हा उतार न्याहाळला असेल, ते तेव्हा जाणवतं.

याशिवाय दोन टेकाडांमधून जो ओढा वाहतो, त्यावर जुन्या बंधाऱ्याचे अवशेष आहेत. म्हणजे घरोघरी टाकं आणि गावाला धरण! याच डोंगररांगेच्या कुशीत पुढे इंग्रजांनी 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी तलाव बांधून पुरा केला, आणि मुंबईच्या नळाला पाणी आलं. हा डोंगर पाणी धरतो, हे भिक्षूंना सतराशे-अठराशे वर्षं आधीच कळलेलं होतं.

आता ही टाकी कोणी दिली? कान्हेरी म्हटलं की राजांची नावं शोधायची सवय आपल्याला आहे. राजे आहेतच. पण टाक्यांपाशी कोरलेले ब्राह्मी लिपीतले लेख वाचले की भेटतात आपल्या लोकल गाडीच्या टप्प्यातली माणसं. कल्याणचा स्वामीदत्त नावाचा सोनार आहे, त्याने पाण्याची पोढी दिली. कल्याणचाच नंद नावाचा लोहार आहे, त्याने वाट करून दिली. चौलचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे दाते आहेत. कोणी व्यापारी, कोणी भिक्षुणी, कोणी कुणाची बायको किंवा आई. लोहार दान काय करतो? वाट! रोज छिन्नी-पहारींना धार लावून देणारा माणूस तो, कातळात वाट काढायला काय मेहनत पडते हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? माझ्या मते कान्हेरीतलं हे सर्वांत सुंदर दान आहे.

आणि मागाठाणे. आज तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, बसचा डेपो आहे. कान्हेरीच्या लेखात मंगलस्थान गाव येतं ते हेच, असं अभ्यासक मानतात. तिथलं शेत भिक्षुसंघाला कायमचं दान दिलेलं होतं. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च चालवायचा. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. तुमच्यापैकी कोणी मागाठाण्याहून येत असेल, तर हा लेख तुमच्या गावाचा आहे.

पाच नंबरच्या लेण्याजवळ एक टाकं आहे, त्याच्यापाशी मात्र थोडा वेळ काढा. तिथला लेख संस्कृतात आहे आणि तुटका आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी, कार्दमक या शक राजांच्या कुळातली, महाक्षत्रप (ही शक राजांची पदवी) 'रु'... आणि नाव तिथेच फुटलंय. पुढे मुलीचा उल्लेख आहे, आणि तिच्या शतेरक नावाच्या अमात्याने, म्हणजे मंत्र्याने, हे टाकं दान दिल्याचं कोरलंय. तो 'रु' म्हणजे रुद्रदामन, असं मानलं जातं. आता गुजरातेत, जुनागढजवळच्या गिरनारच्या पायथ्याशी जा. तिथे याच रुद्रदामनाचा इसवी सन 150चा मोठा लेख आहे. त्यात तो सांगतो की दक्षिणापथपती, म्हणजे दख्खनचा राजा, सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. ते नातं काय, याचा धागा कान्हेरीच्या टाक्यावर सापडतो. शक आणि सातवाहन, पिढ्यान्पिढ्यांचं वैर, आणि मध्ये एक लेक सासरी आलेली. तिचं स्वतःचं नाव फुटक्या दगडात गेलं, याची मला फार हळहळ वाटते. गिरनारचा तो लेखही मुळात कशासाठी कोरलाय? वादळी पावसात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधला, हे सांगण्यासाठी. बापाने तलाव दुरुस्त केला, लेकीच्या अमात्याने पोढी दिली. दोन्हीकडे पाणीच.

चैत्यगृहाकडे येतो. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते करवून घेतलं. आत चौतीस खांब आहेत. काहींवर पूर्ण नक्षी आहे, बाकीचे साधे अष्टकोनी तसेच राहिले. घाई न करता नक्षीच्या खांबांचे माथे बघा. हत्ती सोंडेत घट धरून बोधिवृक्षाला पाणी घालताहेत. खाली उभं राहून ते नीट दिसत नाही, अंधार असतो, म्हणून लहान विजेरी आणा. शिलालेखांवरही विजेरी समोरून मारू नका. एका बाजूने, तिरपा प्रकाश टाकला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. खडू, पीठ, पाणी काहीही लावायचं नाही, बोटही फिरवायचं नाही. हा खडक मुळात ठिसूळ जातीचा, ज्वालामुखीच्या राखेत दगडांचे कोनेदार तुकडे अडकून झालेला. आधीच पुष्कळ लेख झिजलेत.

मूर्तींबद्दल आज थोडंच. एक्केचाळीस नंबरमधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, चुकवू नका. चौतीसमध्ये छताकडे बघा, अपुरं राहिलेलं चित्रकाम आहे. नव्वद नंबरमध्ये पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे. पारशी मंडळी इथे आली आणि त्यांनी आपली नावं कोरून ठेवली. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात गौड देशचा, म्हणजे बंगालचा अविघ्नाकर नावाचा माणूस इथे शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवून गेला. बाहेरगावच्या माणसाने येऊन या भूमीत काहीतरी रुजवावं, ही मुंबईची रीत फार जुनी आहे.

वर माथ्यापर्यंत या, एवढा माझा आग्रह आहे. कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, गुडघ्यांना जपत चढलं तरी होतं. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने शेवाळ असेल, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. वरून एकीकडे बोरिवलीचे टॉवर आणि दुसरीकडे नुसतं रान दिसतं. या रानात बिबटे आहेत, आदिवासी पाडे आहेत. त्यांच्या बायका वाटेवर काकडी, पेरू, आवळे विकतात, ते त्यांच्याकडूनच घ्या. टाक्यांमध्ये डोकावताना बाटली, रॅपर, नाणं काही आत पडू देऊ नका. काही टाक्यांत आजही पाणी टिकतं.

सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून ज्यांना रविवार जमणार नाही त्यांनी मंगळवार धरावा. रविवारी फाटक उघडताना सगळे पोहोचा, आतली पहिली बस मिळाली तर ऊन चढायच्या आत चैत्यगृह बघून होईल. आपण सुरुवात मात्र पाच नंबरच्या टाक्यापासून करू.