वाळल्यावर दिसणारा डाग

(दृश्य: दातांचा दवाखाना. वरचा दिवा लागतो. खुर्चीत सात वर्षांची मुलगी, शेजारी आई.)

दुधाच्या दातांच्या रांगेत सगळ्यांत मागे एक नवी दाढ आली आहे. साधारण सहाव्या वर्षी ती येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. दुधाचीच असेल, पडेल पुढे, असं बऱ्याच आयांना वाटतं. पण ही कायमची. हिच्या जागी दुसरी येणार नाही.

डॉक्टर आधी ब्रशने दाढेवरचा चिकट थर काढतात. कापसाचा बोळा लावतात. मग हवेचा फवारा, पाच सेकंद.

(दृश्य: दाढेचा क्लोज-अप.)

हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा उमटतो. लाळ पसरते आणि पट्टा दिसेनासा होतो.

पांढरं सुती कापड भिजलं की आरपार दिसतं, वाळलं की पुन्हा पांढरं. इथेही तेच घडतं. दाताच्या वरच्या आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, क्षार निघून गेले की आत बारीक पोकळ्या राहतात. त्यांत पाणी असेपर्यंत प्रकाश फारसा अडत नाही. हवा शिरली की विखुरतो. वाळवल्यावरच दिसणारा डाग बहुधा आवरणाच्या बाहेरच्या भागापुरता असतो. ओल्या दातावरही दिसला, तर समजायचं, मामला खोल गेलाय.

"कीड लागलीय का हो, डॉक्टर?"

हा शब्दच आपल्याला फसवतो. कीड म्हटलं की आत काहीतरी वळवळतंय आणि ते उपटून काढायचं, असं चित्र उभं राहतं. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातली कीड पाडणारे त्याच चित्रावर जगले. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 मध्येच दातातल्या अळीची कल्पना नाकारली होती. 1924 मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू वेगळा केला. हे जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू (pH, आम्ल वाढलं की उतरणारा आकडा) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ तो सामू हळूहळू वर आणते आणि क्षार परतही देते. त्याला अर्धा तास, कधी तासभर लागतो.

म्हणून प्रश्न साखर किती, यापेक्षा कितीदा, हा आहे. जेवणासोबत खाल्लेला लाडू लाळेला झेपतो. दर तासाला एक बिस्किट झेपत नाही.

(दृश्य: डॉक्टरांच्या हातात गोल टोकाचा प्रोब.)

पूर्वी अणकुचीदार हत्यार दातात रुतवून बघत. अडकलं, की कीड. पण पांढऱ्या डागावरची पातळ साय अजून शाबूत असते. टोचून ती मोडली की जिथे खड्डा नव्हता तिथे आपणच खड्डा पाडतो. आता गोल टोक अलगद फिरवतात. खरखरीत आणि निस्तेज असेल तर डाग चालू आहे; गुळगुळीत, चकचकीत असेल तर थांबलेला.

दोन दातांच्या फटीत नजर पोहोचत नाही, तिथे चावून धरायचा छोटा एक्स-रे. तोही उशिराच बोलतो. बरेच क्षार गेल्याशिवाय सावली पडत नाही.

आणि प्रत्येक पांढरा डाग किडीचा नसतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथले डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे, अंधूक कडांचे असतात. किडीचा डाग चिकट थर साचतो तिथे, हिरडीलगत किंवा फटीत सापडतो.

"मग सिमेंट भरून टाका ना."

सगळ्यांत अवघड क्षण हाच. खड्डा नसताना ड्रिल लावलं की चांगला दातही कोरला जातो. भरलेलं कधीतरी निघतं, पुढचं फिलिंग आधीपेक्षा मोठं होतं. पण पैसे देऊन "आत्ता कोरायचं नाही" हे ऐकायला कुणाला आवडतं? डॉक्टरांनाही ते समजावत बसण्यापेक्षा भरून मोकळं होणं सोपं.

(दृश्य: पिवळसर चिकट वार्निश डागावर लावलं जातं.)

हे फ्लोराइड वार्निश, 22,600 पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत 22,600 भाग फ्लोराइड. गेलेले क्षार परत बसायला ते मदत करतं. काम मिनिटभराचं, दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. दाढेच्या वरच्या खोल खाचा सीलंटने बुजवायच्या.

"आणि ताई, रात्री पेस्ट लावून झाली की नुसतं थुंकायचं. चूळ भरायची नाही."

आई चमकते. खळखळून चूळ भर, हे तिनेच रोज शिकवलंय. पण त्या चुळीबरोबर पेस्टमधलं फ्लोराइडही वाहून जातं.

(दृश्य: सहा महिन्यांनंतर. तीच खुर्ची.)

पुन्हा फवारा, पाच सेकंद. पट्टा अजून आहे, पण चकाकतो. प्रोब त्यावरून घसरतो. डॉक्टर जुना फोटो शेजारी धरतात.

"गेला नाही की हो."

"जाणारही नाही कदाचित. व्रण आहे तो, जखम नव्हे."

मुलगी खुर्चीवरून उडी मारते. कार्डावर पुढची तारीख लिहिली जाते.