फळीवर फोम आणणारे प्राध्यापक

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईहून लांब पल्ल्याच्या गाडीने, स्लीपरच्या डब्यातून तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. बर्थवर चादर टाकायची, चपला खाली सरकवायच्या, उशाशी पिशवी घ्यायची आणि कल्याण यायच्या आत डोळा लागायचा. या बर्थवर एके काळी नुसत्या लाकडी फळ्या होत्या, असं आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. आमच्या पिढीला मात्र त्या फळ्या आठवतात. दोन फळ्यांमधल्या फटीचा वळ सकाळी दंडावर उठलेला असायचा. म्हणून तर घराघरांत वळकटी असायची. सामानात सगळ्यांत अवजड तीच, आणि ती नसली तर रात्रभर कूस बदलत बसायचं. 1974 साली तिसरा वर्ग रद्द झाला आणि त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. पाटी बदलली, फळ्या होत्या तशाच राहिल्या.

त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायचं ठरवलं ते प्राध्यापक मधु दंडवते यांनी. 1977 साली जनता सरकार आलं आणि ते रेल्वेमंत्री झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर्ग वर आणायचा. 26 डिसेंबर 1977 रोजी मुंबईहून हावड्याकडे पहिली गीतांजली एक्सप्रेस सुटली. तिच्यात वर्गच नव्हते. सगळ्यांना सारखाच डबा आणि सारखाच बर्थ, तोही गादीचा. मुंबई ते हावडा म्हणजे जवळजवळ दोन हजार किलोमीटर. एवढा पल्ला फळीवर झोपून काढलेल्या माणसालाच त्या दोन इंचांची किंमत विचारावी.

देशाच्या इतिहासात याहून मोठे निर्णय पुष्कळ झाले, हे मी जाणतो. पण मला दंडवते आवडतात ते इथे. दिल्लीत मंत्रालयाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला, तिकिटाला जेमतेम पैसे जमवलेल्या प्रवाशाची पाठ दिसली. उपकार केल्याचा आव न आणता त्यांनी ते काम करून टाकलं. पुढे सरकारं आली नि गेली, रेल्वेमंत्री किती झाले, पण त्या गाद्या काढायची हिंमत कुणाला झाली नाही.

दंडवते जन्माने अहमदनगरचे, पण घडले ते मुंबईत. इथल्याच रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभ्या केलेल्या फोर्टमधल्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. बेचाळीसच्या चळवळीत होते. 1955 साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले आणि पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार खाल्ला. एवढं सोसलेल्या माणसाच्या बोलण्यात कडवटपणा आला असता, तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो आला नाही. मी त्यांचं भाषण दादरला ऐकलंय. आवाज चढवणं नाही, टेबलावर मूठ आपटणं नाही. वर्गात शिकवावं तसं एकेक पायरी बांधत न्यायचे, मध्येच एखादी कोटी करायचे, आणि ज्याच्यावर टीका चालली आहे त्यालाही हसू यावं अशा बेताने करायचे. विरोधकाचा मुद्दा आधी नीट मांडायचा आणि मग खोडायचा, ही त्यांची रीत. माझ्या मते ही फार मोठ्या मनाची गोष्ट आहे, आणि तिला अभ्यासही तेवढाच लागतो.

आता 1974 च्या रेल्वे संपाकडे येतो. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपच्या आसपास राहिलेल्या श्रोत्यांना मे महिन्यातले ते वीस दिवस आठवत असतील. संप मोडला गेला. हजारो कामगार बडतर्फ झाले. कित्येक कुटुंबांना क्वार्टर सोडावं लागलं. पगार बंद आणि डोक्यावर छप्परही नाही, म्हणजे बायकांच्या अंगावरचं किडूकमिडूक सोनं आधी गहाण पडायचं आणि पोरांची शाळा सुटायची. दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या बडतर्फ कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. मला तर वाटतं, ही एकच गोष्ट त्यांच्या नावावर असती तरी पुरे झाली असती. संपात नोकरी गेलेला माणूस पुन्हा डबा घेऊन सकाळच्या पाळीला निघतो तेव्हा सबंध चाळ त्याच्याकडे बघत असते.

मंत्री होण्याआधीची जवळजवळ दीड-दोन वर्षं ते स्वतः तुरुंगात होते. आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूला गेले होते. तिथेच अटक झाली आणि तिथल्याच तुरुंगात त्यांना ठेवलं. पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघंही कार्यकर्ते, दोघंही गजाआड, मध्ये शेकडो मैल. एकमेकांना पत्रं लिहायची तीही तुरुंगाचे अधिकारी आधी वाचणार. तरी दोघं लिहीत राहिले. प्रमिलाताई पुढे 1980 साली मुंबईतूनच लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांच्यावर खरं तर एक वेगळं भाषण व्हायला हवं.

आम्हा कोकणातल्या चाकरमान्यांचं दंडवत्यांशी आणखी एक नातं. बॅरिस्टर नाथ पै 1971 च्या जानेवारीत अकाली गेले आणि त्यांच्या राजापूर मतदारसंघातून दंडवते उभे राहिले. 1971, 1977, 1980, 1984, 1989 अशा लागोपाठ पाच निवडणुका जिंकले. 1984 ची लाट आठवा. इंदिराजींच्या हत्येनंतर भलेभले त्या लाटेत वाहून गेले, पण राजापूर जागचं हललं नाही. त्या काळी गणपतीला गावी जायचं म्हणजे एसटीच्या रांगेत रात्र काढायची आणि घाटातल्या वळणांना मळमळत सकाळ करायची. कोकणात रेल्वे परवडणार नाही, एवढ्या नद्या नि डोंगर ओलांडायचे तर पैसा कुठून आणणार, हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. 1986 साली रूळ रोह्यापर्यंत पोचले आणि थांबले.

पुढे व्ही. पी. सिंगांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, असा योग जुळला. 1990 च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. भागभांडवलातलं केंद्राने 51 टक्के, महाराष्ट्राने 22 टक्के, बाकीचं कर्नाटक, गोवा आणि केरळने घातलं, आणि त्यावर लागणारा पैसा रोखे काढून उभा केला. मागणी करणारा माणूसच तिजोरीजवळ बसला होता म्हणून हे झालं, असं मी ठामपणे म्हणेन. त्याच वर्षी त्यांनी सुवर्णनियंत्रण कायदाही, म्हणजे सोनं बाळगण्यावर नि त्याच्या धंद्यावर निर्बंध घालणारा कायदा, रद्द करायला घेतला. झवेरी बाजारातल्या कारागिरांना त्या कायद्याने किती छळलं होतं, ते त्या गल्लीत काम केलेल्यांना विचारा.

आणि 1991 साली त्याच राजापूरने त्यांना पाडलं. कोकण रेल्वेचं काम तेव्हा चालू होतं. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सबंध मार्ग 1998 च्या जानेवारीत खुला झाला. मी कोकणातलाच, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे: आपण त्यांना आणखी एकदा निवडून द्यायला हवं होतं.

12 नोव्हेंबर 2005 रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी सिद्धार्थमध्ये त्यांच्या वर्गात बसलं असेल, कुणाचे वडील 1977 नंतर रेल्वेत परत रुजू झाले असतील, कुणी राजापुरात त्यांच्यासाठी भिंती रंगवल्या असतील. ते सगळं लिहून काढा. वहीत लिहा, नाहीतर नातवंडांना सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. लोकसभेतली त्यांची भाषणं छापील कागदपत्रांत शिल्लक आहेत, पण या आठवणी फक्त तुमच्याजवळ आहेत, आणि आपली वयंही आता सत्तरीपुढे चालली आहेत. नमस्कार.