दिवसा ६० टक्के, मग रात्री टेंटला घाम का फुटतो?

नमस्कार मंडळी. विषय आपला ग्रो टेंट, म्हणजे घरात दिव्याखाली झाडं वाढवायचा कापडी तंबू. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली. "टेम्परेचर २८, ह्युमिडिटी ६०, सगळं बरोबर आहे, तरी झाडाला बुरशी का?" सोबत हायग्रोमीटरचा, म्हणजे हवेतली ह्युमिडिटी मोजायच्या यंत्राचा फोटो. आणि त्या प्रत्येक फोटोत, अगदी प्रत्येक, दिवा चालू आहे!

त्यावर येतोच. आधी बेसिक उरकून टाकू. गरम हवा वर जाते, म्हणून एक्झॉस्ट फॅन वर. ताजी हवा खालून, शक्यतो समोरच्या बाजूने. फॅन चालू असताना टेंटचं कापड किंचित आत ओढलेलं दिसलं पाहिजे. फॅन केवढा घ्यायचा? टेंट १२० बाय १२० सेंटीमीटर आणि उंची २ मीटर असेल, तर आत २.८८ घनमीटर हवा. ती मिनिटाला एकदा बदलायची म्हटलं तर तासाला साधारण १७३ घनमीटर. फॅनला जोडलेला फिल्टर आणि डक्टची, म्हणजे हवेच्या पाइपची, वळणं त्यातलं बरंच खातात, म्हणून मोठा घ्या आणि कमी स्पीडवर चालवा. आतला छोटा पंखा पानं जेमतेम हलतील इतकाच. झालं बेसिक.

आता मुद्दा. फॅन आणि दिवा एकाच टायमरवर लावू नका.

मी लावले होते. एकच टायमर, दोन्ही प्लग त्यातच, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. एका रात्री दोन वाजता जाग आली, म्हणून सहज टॉर्च घेऊन टेंटची झिप उघडली. आंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडल्यावर येतो ना, तसा दमट वास तोंडावर आला. कापडावर थेंब. नुसती वाफ धरलेली नाही, चांगले टपोरे थेंब ओघळत होते. आठवड्याभरात टोमॅटोच्या खोडावर, जिथे मी पान खुडून देठाचा तुकडा तसाच ठेवला होता, तिथे करड्या रंगाची मऊ लव उगवली. बोट्रायटिस नावाची बुरशी. हिला कॉमेंटमध्ये सरसकट भुरी म्हणतात, पण भुरी पांढरी, पावडर शिंपडल्यासारखी असते आणि तिला ओल्या पानाची गरज नसते. बोट्रायटिसला मात्र ओल लागते, आणि ती मी रोज रात्री बारा तास पुरवत होतो.

आता तुमचेच आकडे घ्या. २८ अंशांना एका घनमीटर हवेत साधारण २७ ग्रॅम वाफ मावते. ६० टक्के म्हणजे सोळाच्या आसपास. दिवा बंद झाला, टेंट २० अंशांवर आला. आता मावतात सतराच ग्रॅम. आतली वाफ तेवढीच, पण टक्केवारी गेली ९५ च्या पुढे! पाणी एक थेंब वाढलं नाही, भांडं लहान झालं. आणि कापड हवेपेक्षा जरा जरी गार असेल, तर दव तिथे आधी पडणार.

बरं, पाणी वाढत नाही असंही नाही. अंधारात पानांची छिद्रं बहुतेक मिटतात, पण कुंडीतली ओली माती थोडीच मिटते? तिची वाफ रात्रभर चालूच. त्यात तुम्ही संध्याकाळी निवांत वेळ मिळाला म्हणून पाणी घालता. सकाळी घाला हो, दिवा लागताना.

एकांनी लिहिलंय, "रात्री झाडं झोपतात, मग फॅन कशाला, वीज जाते." अहो, झाडं झोपतात, बुरशी नाही झोपत! सगळ्यात कमी स्पीडवर ठेवा, पण ठेवा. दिव्याला टायमर, फॅनला नाही. तिसऱ्यांदा सांगतोय, माहीत आहे मला.

याला एक अपवाद आहे. खोलीतलीच हवा दमट असेल तर फॅन आत दमट हवाच ओढणार. तिथे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र लागतं. ते पाणी काढतं तशी उष्णताही सोडतं. दिवसा ती नकोशी वाटते, रात्री मात्र तीच कामाला येते.

उष्णतेचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक राग काढून घेतो. एक्झॉस्टचा पाइप टेंटच्या मागेच, त्याच बंद खोलीत सोडलेला असतो आणि मग विचारतात, टेंट गार का होत नाही! २०० वॉटचा दिवा म्हणजे जवळपास २०० वॉटचा हीटरच. एलईडी असला तरी. ती उष्णता खोलीत साठते आणि खालून परत आत येते. फॅन टेंटला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. पाइप खोलीबाहेर काढा आणि ताणून लावा, अजगरासारखा वळसे घेत नको.

(हायग्रोमीटर कॅमेऱ्याजवळ धरत) शेवटचं, हा. दिव्याच्या थेट उजेडात टांगू नका, तापमान फुगवून सांगतो. झाडांच्या शेंड्याच्या उंचीला, सावलीत ठेवा. खरं बोलतो का बघायचं असेल, तर झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजवा, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका बंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवा. माझा हा ७९ दाखवतो, म्हणून मी चार वजा करून वाचतो.

आणि हे बटण बघा, मॅक्स-मिनचं. आज झोपण्याआधी रीसेट करा, सकाळी उठून ह्युमिडिटीचा कमाल आकडा वाचा आणि कॉमेंटमध्ये तोच टाका. दुपारचा फोटो नको.