आठवड्याचे चार तास

नमस्कार श्रोतेहो. आज आपण जॉर्डनला जाणार आहोत, राजधानी अम्मानमध्ये. तिथल्या पूर्व भागात जबल अन-नझीफ नावाची दाटीवाटीची वस्ती आहे. 1948 नंतर पॅलेस्टाईन सोडावं लागलेली कुटुंबं इथे येऊन राहिली. पण संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत छावण्यांच्या यादीत ही वस्ती नाही, त्यामुळे छावणीला मिळणाऱ्या सोयीही तिच्या वाट्याला आल्या नाहीत. 2005 साली तिथे 'रुव्वाद' ही संस्था उभी राहिली. पुढाकार होता फादी घंदूर यांचा, अरामेक्स ही कुरिअर कंपनी काढणारे ते हेच.

रुव्वादचा व्यवहार सरळ आहे. वस्तीतल्या मुलामुलींच्या उच्च शिक्षणाला शिष्यवृत्ती मिळते आणि त्याच्या बदल्यात त्यांनी वस्तीसाठी काम करायचं, आठवड्याला चार तास. पुन्हा सांगते, आठवड्याला चार तास. लहानांचा अभ्यास घ्या, वाचनालय सांभाळा, जे जमेल ते, पण दर आठवड्याला. शिष्यवृत्तीला नाव आहे बँकेत वरिष्ठ अधिकारी असलेल्या मुसअब खुरमा यांचं. नोव्हेंबर 2005 मध्ये अम्मानच्या हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, त्यात ते गेले.

चारच तास का? परीक्षा, घरकाम, एखादी अर्धवेळ नोकरी हे सगळं सांभाळून एवढा वेळ निघतो. दिवसभराचं शिबिर ठेवलं की पहिल्यांदा पन्नास येतात, तिसऱ्यांदा पाच. दुसरं कारण जास्त मोलाचं. चार तास दिले की घेणारा मिंधा राहत नाही. कालपर्यंत ज्याला 'गरीब घरातला' म्हणत होते, त्याला आज गल्लीतली पोरं 'उस्ताद' म्हणतात. सक्षमीकरण हा सरकारी कागदावरचा शब्द मला कधीच रुचला नाही, पण त्यामागे काही खरं असेल तर ते हेच. आणि जाता जाता सांगते, एका दिवसाची स्वच्छता मोहीम, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, फोटो आणि प्रमाणपत्र, हे प्रकार बंद झाले तर स्वयंसेवेचं भलं होईल. जॉर्डनमध्येही ते होतं आणि आपल्याकडे तर विचारू नका.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय निवडला.

रना दजानी या रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पीएच.डी. करून त्या कुटुंबासह अम्मानला परतल्या. हाशमी विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यांच्या लक्षात आलं की इथली मुलं पाठ्यपुस्तक वाचतात, धर्मग्रंथ वाचतात, पण मजेसाठी गोष्टीचं पुस्तक कुणी हातात धरत नाही. वाचनालयं दूर आणि थोडी. मग मुलं एरवीही जमतात अशी जागा कोणती? प्रत्येक मोहल्ल्यात असते ती मशीद. त्यांनी इमामांकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली. हे साल 2006.

पहिल्या दिवशी साधारण पंचवीस मुलं आली, चार ते दहा वयाची. बाईंनी डोक्यावर गमतीदार टोपी घातली, हातात बाहुली घेतली आणि मोठ्याने गोष्ट वाचली. विद्यापीठातल्या प्राध्यापिका, मशिदीच्या गालिच्यावर बसून वेगवेगळे आवाज काढताहेत, असं दृश्य. वाचून झाल्यावर मुलांना पुस्तकं घरी नेऊ दिली. पुढच्या आठवड्यात परत आणायची, दुसरी न्यायची. बस, इतकंच. पण मुलं घरी जाऊन आईच्या मागे लागली, वाचून दाखव. जिथे पुस्तकच नव्हतं त्या घरात ते असं शिरलं.

इथे आपल्या गावच्या वाचनालयांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बालविभागाचं कपाट कुलपात आणि किल्ली ग्रंथपालांच्या खिशात, कारण पुस्तक फाटेल. अहो, फाटू द्या. चिकटपट्टी मिळते बाजारात.

तर, सुरुवातीची काही वर्षं दजानी यांनी स्वतः वाचून पद्धत घासून घेतली आणि मग इतरांना शिकवायला लागल्या. उपक्रमाचं नाव 'नुहिब्बुल किराआ', आम्हाला वाचायला आवडतं. मुख्यतः तरुण मुली आणि गृहिणी पुढे आल्या. ज्या घरातून मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात पाठवत नाहीत, तिथून ती गल्लीतल्या मशिदीत खुशाल जाते. तिथे ती बोलते आणि तीस डोळे तिच्याकडे लागलेले असतात. पुढे हीच पद्धत सीरियातून आलेल्या निर्वासितांच्या झातरी छावणीत गेली. आज ती पन्नासहून अधिक देशांत आहे. 2017 मध्ये तिला युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला.

हे करायचं कसं, ते थोडक्यात ऐका. वाचणारी व्यक्ती त्याच वस्तीतली हवी. पुस्तक मुलांच्या भाषेतलं हवं, धर्म आणि राजकारण बाजूला ठेवणारं. अरबीत एक अडचण येते. पुस्तकाची भाषा प्रमाण, घरची बोली वेगळी. म्हणून छापलंय तसंच वाचायचं आणि अडलेला शब्द बोलीत पटकन सांगून पुढे जायचं. आदल्या दिवशी पुस्तक दोनदा मोठ्याने वाचून बघा. मुलांना अर्धगोलात बसवा, लहान पुढे. पुस्तक खांद्याजवळ धरा, चित्रं मुलांकडे. एका बैठकीला दोन-तीन गोष्टी पुरेत.

बिघडतं कुठे? पहिली चूक, गोष्ट संपली की 'यातून काय शिकलात?' असं विचारणं. हे विचारू नका. पुन्हा सांगते, विचारू नका. मुलांना लगेच शाळेचा वास येतो आणि पुढच्या वेळी ती येत नाहीत. दुसरी चूक, मोठी मुलं कंटाळून दंगा करतात म्हणून त्यांना बाहेर काढणं. त्यांना पानं उलटायला, कुणी कोणतं पुस्तक नेलं त्याची वही भरायला बसवा. तिसरी चूक, सगळं एकाच माणसावर सोपवणं. तिथे 'तौजीही' म्हणून आपल्या बारावीसारखी परीक्षा असते, तेव्हा शिकणारे स्वयंसेवक दिसेनासे होतात. रमजानमध्ये दिवसाची सगळी घडीच बदलते. म्हणून प्रत्येक जागी दोघीजणी हव्यात आणि वेळ रमजानपूर्वीच नव्याने ठरवलेली हवी.

आखाती देशांत राहणारे आपले मराठी श्रोते ऐकत असतील, त्यांच्यासाठी एक सूचना. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय देणगी गोळा करणं हा गुन्हा आहे, पुस्तकांसाठी सोसायटीत वर्गणी काढली तरी. आधी परवाना असलेल्या संस्थेत नाव नोंदवा आणि तिच्यामार्फतच काम करा.